पकडलेल्या राक्षसाचं करायचं काय?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राक्षस समोर आला की बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. तुम्ही त्याला मारता, नाहीतर तो तुम्हाला. पळून जाणं हा तिसरा मार्ग आहे, पण तो आपणहून निवडणारा ग्रुप विरळाच. अशा टेबलवर एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणतं, ''अरे थांबा, याला मारू नका ना! पकडूया. आपल्याकडेच ठेवूया.'' सगळे हसतात, गेम मास्टर 'बरं, फासा टाक' म्हणतो आणि तिथून खेळाचा सगळा हिशेबच बदलायला लागतो. कारण हा खेळ मुळात राक्षसाशी लढण्यासाठी बनलाय. पोकेमॉनसारखे प्राणी पकडायचे, त्यांना शिकवायचं, त्यांच्या जिवावर लढायचं, यासाठी त्यात नियम जवळपास नाहीतच. जे आहेत ते ऐन वेळी पाय ओढतात.

ज्यांनी हा प्रकार फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि सगळे राक्षस चालवणारा. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. 'मी दरीवरून उडी मारतो' असं तुम्ही म्हणायचं आणि ती जमली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. हीच गोष्ट आठवड्यामागून आठवडे पुढे सरकत राहते, तिला कॅम्पेन म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. २०१४ मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीने, म्हणजे 'फाइव्ह ई'ने, नवीन पोरांना या खेळात खेचून आणलं. पुढचं सगळं तिच्याच नियमांबद्दल आहे.

पोकेमॉनची ओळख करून द्यायला नको. कार्टून बघत मोठी झालेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे आणि २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो'साठी रस्त्यावर मोबाइल घेऊन फिरलेली पण. पण त्याचं मूळ इथे महत्त्वाचं आहे. सातोशी ताजिरी लहानपणी टोक्योच्या उपनगरात किडे पकडत हिंडायचा. शहर वाढलं, शेतं आणि तळी गेली, किडेही गेले. पुढे दोन गेम बॉय केबलने जोडलेले बघून त्याला त्या केबलमधून किडे इकडून तिकडे सरकताना दिसले म्हणे. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन गेम आले. आपल्याकडे चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवणाऱ्या पोरांचाच हा खेळ, फक्त त्यात दोरा नाही आणि चतुर मरत नाही. शोधायचं, पकडायचं, मित्राशी अदलाबदल करायची, लढाई त्याच्या मागून. म्हणजे एका खेळात राक्षस हा वाटेतला अडथळा आणि दुसऱ्यात राक्षस हाच सोबती. या दोघांचं लग्न लावायचं म्हणजे कुरकुर होणारच.

गंमत अशी की हे दोन्ही खेळ एकेकाळी एकाच छपराखाली होते. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये 'डी अँड डी'ची मूळ कंपनी विकत घेतली आणि १९९९ पासून पोकेमॉनची इंग्लिश पत्तेसुद्धा तीच छापायला लागली. त्याच वर्षी तिने 'पोकेमॉन ज्युनियर अ‍ॅडव्हेंचर गेम' नावाचा एक छोटा रोलप्लेइंग गेम काढला. तो अगदी लहान मुलांसाठी होता, घरातल्या मोठ्या माणसाने गोष्ट सांगायची आणि मुलांनी खेळायचं. त्याच्या पुढची, मोठ्यांची आवृत्ती चाहत्यांनीच केली. 'पोकेमॉन टेबलटॉप अ‍ॅडव्हेंचर्स', त्यातून निघालेलं 'पोकेमॉन टेबलटॉप युनायटेड', सहा बाजूंच्या फाशांवर चालणारं 'पोकेरोल' आणि पाचव्या आवृत्तीच्या सांगाड्यावर उभं केलेलं 'पोकेमॉन फाइव्ह ई'. हे सगळं लोकांनी हौसेने, नोकऱ्या सांभाळून केलेलं काम आहे. यातलं काहीही उचलून खेळता येतं. तरीही प्रत्येक ग्रुप शेवटी स्वतःचे नियम शिवतोच आणि शिवताना त्याच त्या चार-पाच ठिकाणी सुई मोडते.

एकाचे सात झाले की

पहिली सुई मोडते ती साध्या गुणाकाराने. समजा चार खेळाडू आहेत. व्हिडिओ गेमसारखे प्रत्येकाकडे सहा-सहा प्राणी. म्हणजे टेबलवर २४ प्राणी आणि चार ट्रेनर, एकूण २८. सगळे एकदम मैदानात उतरले आणि प्रत्येकाच्या टर्नला एकच मिनिट लागलं, तरी एक फेरी संपायला अर्ध्या तासाला दोन मिनिटं कमी. त्यात शत्रू धरलेलेच नाहीत. अशा लढाईत आपली टर्न येईपर्यंत माणूस चहा पिऊन, दोन रील बघून परत येतो आणि विचारतो, ''कोणाला मारतोय आपण?'' अशी कॅम्पेन भांडणाने बंद पडत नाही. पुढच्या रविवारी एकाला काम निघतं, त्याच्या पुढच्या रविवारी दुसऱ्याला आणि मग ग्रुपवर कोणी मेसेजच टाकत नाही.

गेमिंगच्या भाषेत याला 'अ‍ॅक्शन इकॉनॉमी' म्हणतात. कोणाला किती वेळा काही करता येतं, याचा हिशेब. हा हिशेब 'डी अँड डी'वाल्यांनासुद्धा चटकन जमलेला नाही आणि त्याचा पुरावा त्यांच्याच पुस्तकात आहे. २०१४ च्या नियमांत रेंजर नावाच्या पात्राला तिसऱ्या लेव्हलला 'बीस्ट मास्टर' होता येतं, म्हणजे एक प्राणी कायमचा सोबत. ऐकायला भारी. पण त्या प्राण्याने हल्ला करावा असं वाटत असेल तर रेंजरला स्वतःची अ‍ॅक्शन त्याच्यावर खर्च करावी लागायची. तू बाण मारणार की लांडगा चावणार, एक काय ते ठरव. पंचाईत अशी की बाण बऱ्याचदा जास्त नुकसान करायचा. मग लांडगा नुसता बाजूला उभा. आपल्या भाषेत सांगायचं तर लिंबूटिंबू! खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य नाही. त्यातून तो मेला तर आठ तास घालवून दुसऱ्या प्राण्याशी नातं जोडायचं की झालं, नवा सोबती हजर. या नियमावर चाहते वर्षानुवर्षं वैतागलेले होते. शेवटी २०२० मध्ये 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात पर्यायी नियम आला. आता प्राण्याला हुकूम द्यायला 'बोनस अ‍ॅक्शन' पुरते आणि रेंजरचा स्वतःचा हल्ला शाबूत राहतो.

प्राणी पकडायची कॅम्पेन करणाऱ्याने या दुरुस्तीच्या एक पाऊल पुढे जावं असं माझं मत आहे. मैदानात एका वेळी एकच प्राणी आणि ट्रेनर व प्राणी मिळून एकच टर्न. ट्रेनरने स्वतः तलवार उपसायचीच नाही. त्याने औषध फेकावं, ओरडून सावध करावं, प्राणी बदलावा, पकडायचा प्रयत्न करावा. लढणार प्राणी. म्हणजे चार खेळाडूंच्या चारच टर्न आणि खेळ पळतो. बाकीचे पाच प्राणी? खरं सांगायचं तर सहा हवेतच कशाला? तीन पुरे. व्हिडिओ गेममध्ये सहा चालतात, कारण तिथे हिशेब मशीन करतं. इथे प्रत्येक प्राण्याचा एक कागद आणि प्रत्येक कागदाचा मालक एक कॉलेजला जाणारा माणूस आहे.

अजून एक युक्ती फार कामाची आहे. तुमचा प्राणी तुम्ही चालवायचाच नाही, शेजारच्याने चालवायचा. तुम्ही ट्रेनर म्हणून हुकूम द्यायचा, शेजारी तो प्राण्याच्या स्वभावाप्रमाणे पाळणार. दोन फायदे होतात. दुसऱ्याच्या टर्नला तुम्ही जागे राहता, कारण त्याचा प्राणी तुम्ही आहात. आणि प्राण्याला खरोखरच स्वतःचं डोकं येतं. ''मी त्याला डावीकडून जायला सांगतो,'' असं तुम्ही म्हणता आणि शेजारचा शांतपणे म्हणतो, ''त्याला डावीकडे खेकडा दिसलाय. तो खेकड्याकडे बघतोय.''

अर्धमेला करा, पण पाडू नका

पकडण्याचा नियम हा या सगळ्याचा जीव. व्हिडिओ गेममध्ये प्राणी जितका थकलेला तितका पकडायला सोपा, झोपला असेल तर अजून सोपा. पण पूर्ण आडवा झाला की हातातून गेला. ही जी कसरत आहे, मारायचं पण थोडंच, ती टेबलवर आली पाहिजे. 'डी अँड डी'त यातलं थोडंसं आधीच आहे. जवळून वार करून समोरच्याला शून्य हिट पॉइंट्सवर आणलं तर त्याला मारायचं की नुसतं बेशुद्ध करायचं हे खेळाडूला ठरवता येतं. पण हा नियम आहे तसा ठेवला तर पकडणं फारच सोपं होतं. पाडा आणि उचला. म्हणून इथे उलटं करायचं. शून्यावर गेला की तो बेशुद्ध, आणि बेशुद्ध प्राणी पकडता येत नाही.

मग पकडण्यासाठी किती पडायला हवेत? एक सरळ हिशेब करून बघा. दहा, अधिक प्राण्याचं 'चॅलेंज रेटिंग' (त्याच्या ताकदीचा पुस्तकातला आकडा), अधिक उरलेल्या दर दहा हिट पॉइंट्समागे एक. समजा रेटिंग तीन आणि हिट पॉइंट्स ४५. टार्गेट झालं १७. ट्रेनरला चार बोनस मिळतो असं धरलं तर फाशावर १३ किंवा जास्त हवेत, म्हणजे ४० टक्के संधी. त्याला आठ हिट पॉइंट्सवर आणलं की टार्गेट १३, फाशावर नऊ पुरतात आणि संधी ६० टक्के. त्यात तो झोपलेला असेल तर 'अ‍ॅडव्हान्टेज', म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. संधी थेट ८४ टक्के. टेबलवरचा कोणीही हे मनातल्या मनात करू शकतो आणि 'अजून एक फटका मारू की आत्ताच टाकू?' हा प्रश्न प्रत्येक वेळी खरा वाटतो. सगळी मजा त्या प्रश्नात आहे. बाकी नियम थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतील.

इथेच एक सापळा आहे आणि तो पोकेमॉनच्या लाडक्या तक्त्यात लपलेला आहे. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, हा तक्ता. पहिल्या गेममध्ये १५ प्रकार होते, आता १८ आहेत, म्हणजे १८ गुणिले १८, ३२४ चौकोन. 'डी अँड डी'मध्ये नुकसानाचे १३ प्रकार आहेत आणि एखादा प्रकार समोरच्याचा कच्चा दुवा असेल तर नुकसान दुप्पट. वाटतं, दोन्ही अगदी जुळतंय. पण जरा आकडे टाकून बघा. पुस्तकातल्या साध्या लांडग्याला ११ हिट पॉइंट्स असतात आणि त्याचा चावा सरासरी सातचा. दोन लांडगे घ्या, एकाला आगीचा करा, दुसऱ्याला गवताचा. आगीचा लांडगा चावला, सातचे चौदा झाले, गवताचा लांडगा पहिल्याच फटक्यात आडवा. पकडायचा होता तो! व्हिडिओ गेममध्ये हिट पॉइंट्स आणि नुकसान एकमेकांच्या मापाने कापलेले असतात, शिवाय तिथे नशिबाचा भाग लहान, साधारण ८५ ते १०० टक्क्यांच्या मधे कुठेतरी. वीस बाजूंच्या फाशाला असली शिस्त नाही. म्हणून दुप्पट नुकसान देऊच नये. भारी प्रकार असेल तर हल्ल्याच्या फाशाला अ‍ॅडव्हान्टेज, हलका असेल तर डिसअ‍ॅडव्हान्टेज, संपलं. आणि प्रकार १८ नकोत, सहा-सात बस. जो तक्ता बघायला पान उलटावं लागतं, तो तिसऱ्या सेशननंतर कोणी उघडत नाही.

त्या लांडग्यांची युक्ती मात्र लक्षात ठेवा. गेम मास्टरने दीडशे प्राणी नव्याने बनवत बसायचं काही कारण नाही. पुस्तकातला लांडगा घ्यायचा, चाव्याला आग लावायची, शेपटी पेटती करायची, नाव बदलायचं. पाच मिनिटांत नवा प्राणी तयार. नियमांच्या दृष्टीने तो लांडगाच असतो, पण हे गेम मास्टर सोडून कोणाला कळतं?

शिकवायचं कोणी, किती

पोकेमॉनची लेव्हल १०० पर्यंत जाते, 'डी अँड डी'ची वीसपर्यंत. पाचने भागा, असं बरेच जण सांगतात. भागाकार बरोबर आहे, पण त्याने एक चांगली गोष्ट मरते. मॅजिकार्प नावाचा निरुपयोगी मासा आठवतोय? नुसता तडफडतो. लेव्हल २० ला त्याचा गॅराडोस होतो, अजस्र आणि संतापलेला. २० भागिले पाच म्हणजे चौथी लेव्हल. 'डी अँड डी'त चौथी लेव्हल थोड्याच सेशन्समध्ये येते. मासा पुरता तडफडायच्या आत राक्षस झाला! त्याची गंमत तर त्याला एवढं ओझ्यासारखं वागवण्यात होती. रूपांतर आकड्यावर न बांधता प्रसंगावर बांधावं. तो मासा ट्रेनरसाठी तीनदा बेशुद्ध पडला की चौथ्यांदा बदलेल, असं काहीतरी. कधी ते गेम मास्टरने आपल्यापाशीच ठेवायचं.

प्रत्येक प्राण्याचे अनुभवाचे गुण वेगळे मोजणं हा दुसरा छळवाद. काही चाहत्यांच्या नियमांत हे सगळं आहे आणि ते मनापासून आवडणारी माणसंही आहेत, एक्सेल शीट उघडून बसणारी. ज्यांना ते नको त्यांनी ट्रेनरची लेव्हल वाढली की सगळ्या प्राण्यांची वाढवावी. पण मग 'शिकवणं' उरलं कुठे? त्यासाठी दोन सेशनच्या मधल्या वेळात प्रत्येक ट्रेनरने एकाच प्राण्याला एकच नवी गोष्ट शिकवायची. एकच. बाकीचे दोघे बघत राहतात. कोणाला वेळ दिला, कोणाला नाही, हे मग आपोआप दिसायला लागतं.

आणि तिथून आपण त्या अवघड प्रश्नाकडे येतो, जो व्हिडिओ गेमलाही चुकलेला नाही. या प्राण्यांना पकडलेलं आवडतं का? २०१० मध्ये आलेल्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या गेममध्ये टीम प्लाझ्मा हेच विचारत फिरते, पोकेमॉन माणसांपासून सोडवा म्हणते. पडद्यावर हा प्रश्न कथेत येतो आणि संपतो, कारण पकडलेला प्राणी तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही. टेबलवर देऊ शकतो. तिथे त्याला आवाज आहे, कारण गेम मास्टर किंवा शेजारचा भिडू त्याच्या बाजूने बोलतोय. ज्या जगात बोलणारा ड्रॅगन आहे तिथे बोलणाऱ्या ड्रॅगनला डबीत कोंबायचं का, हे तुमच्या ग्रुपला एक ना एक दिवस ठरवावं लागतं. पहिल्या सेशनच्या आधी ठरवलेलं बरं. काही ग्रुप सरळ म्हणतात, बोलणारे प्राणी पकडायचे नाहीत, त्यांच्याशी करार करायचा.

म्हणून मी प्रत्येक प्राण्याच्या कागदावर हिट पॉइंट्सच्या शेजारी अजून एक आकडा ठेवीन, विश्वासाचा. शून्य ते पाच. पकडला तेव्हा एक. त्याला बेशुद्ध होईपर्यंत लढवलं की एक कमी, त्याला वाचवायला स्वतः मधे पडलात की एक जास्त. विश्वास दोन किंवा कमी असेल तर कठीण हुकूम देताना फासा टाकायचा आणि हरलात तर प्राणी त्याला वाटेल ते करणार. यात नवीन काही नाही, पहिल्या गेममध्येही अदलाबदलीत मिळालेला तगडा पोकेमॉन पुरेसे बॅज नसलेल्या ट्रेनरचं ऐकायचा नाही. आणि मरणाचं काय? माझ्या मते मरण नकोच. पण बेशुद्ध पडलेला प्राणी रात्रभराच्या विश्रांतीशिवाय उठणार नाही, एवढं कडक ठेवा. जंगलात, दुपारी दोन वाजता, तिघांपैकी दोन प्राणी आडवे आणि गाव सहा तासांवर. एवढी भीती पुरते.

पिंपळावरचा तो

एकदा हे नियम हातात आले की पिकाचूचीसुद्धा गरज उरत नाही. उलट ती सोडलेलीच बरी. पोकेमॉन हे नाव, ती चित्रं कंपनीची आहेत. घरी मित्रांसोबत खेळायला कोणी अडवत नाही, पण पुढेमागे तुमचं पुस्तक छापून विकायची स्वप्नं असतील तर सांभाळून. 'पालवर्ल्ड' या प्राणी पकडायच्या गेमवर निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जपानमध्ये पेटंटभंगाचा दावा ठोकला. 'डी अँड डी'च्या बाजूने मात्र रस्ता मोकळा आहे. परवान्यावरून चाहत्यांनी मोठा गदारोळ केल्यावर जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. श्रेय देऊन ते कोणीही वापरू शकतो, विकायच्या पुस्तकातसुद्धा.

मग राक्षस कुठले? आपल्याकडे काय कमी आहेत! कोकणातला चकवा घ्या, जो रात्री माणसाला रस्ता विसरायला लावतो आणि फिरवून फिरवून त्याच जागी आणून सोडतो. त्याला हल्लाच नाही. विस्डमच्या फाशावर हरलात की निघालात तिथेच परत. त्याचे हिट पॉइंट्स कमी कसे करणार? नाहीच करणार. चकवा पकडायचा तर त्याला स्वतःलाच रस्ता चुकवायला लावायचं आणि ते कसं, हे टेबलने शोधायचं. पाण्यातला गिऱ्हा, जो पाण्यात उतरलेल्याला ओढून नेतो. पाण्याबाहेर त्याची सगळी ताकद निम्मी. पिंपळावरचा मुंजा सगळ्यात अवघड, कारण तो मुळात एक मुलगा आहे. त्याला पकडायला निघालेला खेळाडू दोन मिनिटांत गप्प होतो. अशा राक्षसाशी करारच होऊ शकतो आणि त्याला काय हवंय ते आधी ऐकावं लागतं.

सुरुवात छोटी करा. चार खेळाडू असतील तर पहिल्या सेशनला टेबलवर तीनच प्राणी ठेवा. चौथ्याला प्राणी नाही. कोण थांबायला तयार होतो, कोण आपला देऊ करतो, कोण पहिला झडप घालतो, यात अर्धा तास मजेत जातो आणि गेम मास्टरला पुढच्या दहा सेशन्सचा मसाला मिळतो. चौथा प्राणी जंगलात आहेच. आणि दर चार-पाच सेशन्सनंतर एकदा प्रत्येक ट्रेनरने डबी उघडी ठेवून झोपायचं. सकाळी वीस बाजूंचा फासा, अधिक विश्वासाचा आकडा. दहाच्या खाली आलं तर प्राणी निघून गेलाय. त्याचा कागद फाडू नका. पुढे कधीतरी तो जंगलात भेटेल, तेव्हा लागेल.